मुदतीबाहेरचं दुखणं



आयोजकांनी विषय दिला होता ‘रस्ते अपघात आणि कायदा’. त्यातला अपघात मी ठेवला आहे, कायदाही ठेवला आहे. रस्ता मात्र लवकर सोडून डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या घरात शिरणार आहे. मी डॉक्टर नाही. धुळे आणि जळगावच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांत वकिली करतो. मेंदूबद्दल जे थोडंफार कळलं ते डॉक्टरांच्या साक्षी नोंदवताना, आणि त्याहून जास्त पक्षकारांच्या ओट्यावर बसून. सभागृहात डॉक्टर मंडळी दिसतायत. कुठे चुकलो तर मध्येच थांबवा, न्यायाधीश थांबवतात त्याची सवय आहे.

आपला मुलूख चौफुलीचा. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता धुळ्यात एकमेकांना छेदतात. सोलापूरचा रस्ताही तिथेच येऊन मिळतो. सरकारने महामार्गांचे नंबर बदलून दीड दशक उलटलं, तरी आपण अजून ‘तीन नंबर’ आणि ‘सहा नंबर’च म्हणतो. हा सहा नंबर जळगाव शहराच्या मधून गेला. शाळेची पोरं, भाजीवाले आणि कोळशाचे ट्रक वर्षानुवर्षं एकाच डांबरावरून चालले. समांतर रस्त्यांसाठी या शहराला आंदोलन करावं लागलं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ मध्यरात्री पपई भरलेला ट्रक उलटला. मालावर बसून घरी निघालेले रावेर तालुक्याचे पंधरा मजूर गेले. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला, मध्य प्रदेशातून उतरणारा कंटेनर ब्रेक निकामी होऊन वाहनांना ठोकत थेट हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली, जखमी त्याच्या दुप्पट. दोन्ही बातम्या देशभर चालल्या. दोन्हींत मेलेल्यांचा आकडा मथळ्यात होता आणि जखमी शेवटच्या ओळीत, ‘त्यांच्यावर उपचार सुरू आहेत’ एवढ्यावर. ते उपचार किती दिवस चालले आणि माणूस घरी कसा पोचला, हे छापायची वर्तमानपत्राची जबाबदारी नाही, मान्य. पण मग ती कोणाची?

वकील माणूस मुदतीत विचार करतो, म्हणून मुदतींपासूनच सांगतो. अपघातानंतरचा पहिला तास सोन्याचा, असं डॉक्टर म्हणतात. त्या तासासाठी आपल्याकडे १०८ ची गाडी आहे, २०१४ पासून. जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१६ चा, आणि २०१९ च्या दुरुस्तीने तो कायद्यातच आला. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, पैसे न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना लागू झाली. चांगल्या गोष्टी आहेत. भांडून मिळवलेल्या आहेत. नुकसानभरपाईचा दावा दाखल करायला मात्र २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली गेली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण पक्षकाराने त्या भरवशावर राहू नये.

एक तास, सात दिवस, सहा महिने. डोक्याला जबर मार लागलेला माणूस सहा महिन्यांनंतर कुठे असतो? सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो, मग मंदावतो, पण दोन वर्षं आणि त्याही पुढे ती चालू राहू शकते. शेवटी काय उरेल आणि काय उरणार नाही, याचा अंदाज सहाव्या महिन्यात न्यूरोसर्जनलाही छातीठोक सांगता येत नाही. म्हणजे कागदाच्या मुदती संपतात तेव्हा हे दुखणं जेमतेम घरात शिरलेलं असतं.

आता थोडं शरीरशास्त्र, माझ्या वकूबाप्रमाणे. टेम्पोला करकचून ब्रेक लागला की टेम्पो थांबतो, पण हौद्यातला माल पुढे जाऊन फळीवर आदळतो. डोकं थांबतं तेव्हा आतल्या मऊ मेंदूचं तसंच होतं. कपाळामागचा भाग आणि कानशिलामागचा भाग कवटीच्या खडबडीत तळावर घासतात, म्हणून तिथे इजा जास्त. डोकं गर्रकन फिरलं तर आतले लांबलचक तंतू ताणतात, तुटतात. ही इजा सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा नीट दिसतही नाही. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट वाचायचं असतं. रक्तस्रावाची गोष्ट वेगळी. कवटी आणि वरच्या आवरणाच्या मध्ये रक्त साचत असेल तर माणूस उठून बसतो, चहा पितो, ‘काही नाही झालं’ म्हणतो आणि काही तासांत कोसळतो. वारंवार उलट्या, वाढत जाणारी झोप, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. म्हाताऱ्या माणसांत उलटं. न्हाणीघरात घसरून पडल्याचं घरचे विसरूनही जातात आणि तीन आठवड्यांनी बाबा अडखळायला, बरळायला लागतात. आपण वयावर ढकलतो, आणि आत रक्त साचलेलं असतं.

मेंदू सुजला की कवटीचा एक तुकडा काढून ठेवतात, आतला दाब कमी व्हावा म्हणून. तो तुकडा पुष्कळ ठिकाणी रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. खेड्यातल्या माणसाला हे पहिल्यांदा सांगताना नातेवाइकांचे चेहरे पाहावेत. मधल्या काळात डोक्याला एका बाजूला खड्डा दिसतो, रुमाल बांधून माणूस ओट्यावर बसतो, आणि दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च आठवून घर गप्प होतं. जुन्या श्रोत्यांना क्रिकेटपटू नरी कॉन्ट्रॅक्टर आठवत असतील. १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यात बसला. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले, आपले उम्रीगर, बोर्डे आणि नाशिकचे बापू नाडकर्णी आले. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी अखेर २०२२ मध्ये काढली, साठ वर्षांनी. कॉन्ट्रॅक्टर नंतर प्रथम श्रेणीचे सामने पुष्कळ खेळले. कसोटी मात्र पुन्हा नाही. ‘बरा झाला’ या शब्दांत केवढा पट्टा मावतो, याचा अंदाज यावा म्हणून हे सांगितलं.

दवाखान्यातून सुट्टी होते त्या दिवसाचा कागद माझ्याकडे येतो. त्यावर लिहिलेलं असतं ‘जीसीएस १५’, म्हणजे ग्लासगो कोमा स्केलवर पंधरा. ही मोजपट्टी १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या दोघांनी काढली. डोळे उघडण्याचे चार गुण, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पंधरा. शुद्ध किती आहे हे कोणत्याही नर्सला, कोणत्याही गावात, सारख्या पद्धतीने सांगता यावं यासाठी ती आहे, आणि त्या कामात ती अजोड आहे. पण पंधरापैकी पंधरा म्हणजे माणूस डोळे उघडतो, कुठे आहोत ते सांगतो, सांगितलं तर हात वर करतो. एवढंच. विमा कंपनीचा वकील मात्र तो आकडा शाळेच्या गुणपत्रिकेसारखा वाचतो: पैकीच्या पैकी, मग दावा कसला?

मग जखमी साक्षीला उभा राहतो. नाव? सांगतो. गाव? सांगतो. मुलं किती? सांगतो. शेत किती एकर? तेही बरोबर. उलटतपासणी दहा मिनिटांत संपते आणि कोर्टात सगळ्यांना वाटतं, गडी ठणठणीत आहे. खरी गोम इथे आहे. कपाळामागच्या मेंदूचं काम माहिती साठवण्याचं कमी आणि काम सुरू करण्याचं, क्रम लावण्याचं, मनाला आवर घालण्याचं जास्त. कोर्टात प्रश्न दुसरा कोणीतरी विचारतो, क्रम दुसरा लावतो, विषय दुसरा बदलतो. म्हणजे जे बिघडलंय ते काम कोर्ट स्वतःच त्याच्यासाठी करून देतं, आणि मग म्हणतं, याचं काही बिघडलेलं दिसत नाही. एका आईने मला हे अहिराणीत एका वाक्यात सांगितलं होतं: ‘साहेब, सांगं तं करस, नही सांगं तं बठी ऱ्हास.’ आंघोळ कर म्हटलं की करतो. म्हटलं नाही तर संध्याकाळपर्यंत खाटेवर. गावाने त्याला आळशी ठरवलं होतं. साक्षीतलं सगळं प्रमाण मराठीत उतरतं, म्हणून ते वाक्य मी तसंच्या तसं नोंदवून घ्यायची विनंती केली होती. न्यायाधीशांनी मानली.

भाषेवरून आठवलं. स्मरणशक्तीच्या तपासणीत शंभरातून सात वजा करत जा, असला प्रश्न असतो. ज्याने आयुष्यात पाटी धरली नाही त्याला अपघाताआधी तरी तो जमला असता का? आणि चोपड्याकडचा पावरा मजूर किंवा अहिराणीशिवाय दुसरं न बोललेली आजी तपासणाऱ्याच्या मराठीपुढे गप्प झाली, तर ती गोंधळलेली आहे असं लिहून मोकळं व्हायचं? वाचा गेलेल्या माणसाला शब्द परत शिकवायचे तर ते त्याच्या घरातले हवेत. स्पीच थेरपिस्ट मिळणंच जिथे मुश्कील, तिथे मी फार मागतोय हे मला कळतं.

घरात काय दिसतं? राग दिसतो. आधी शांत असलेला माणूस ताट भिरकावतो आणि तासाभराने विसरतो, बायको विसरत नाही. थकवा दिसतो: दोन माणसं एकदम बोलली तरी डोकं धरून आत जातो, लग्नातल्या डीजेपुढे तर उभाच राहू शकत नाही. वास जातो, कारण नाकाकडून येणारे बारीक तंतू कवटीच्या जाळीत तुटलेले असतात. बायकांच्या बाबतीत याची दखलही कोणी घेत नाही. डाळ करपली, गॅस गळतोय हे कळत नाही, आणि सासू म्हणते लक्ष नाही. फिट येते, कधी अपघातानंतर वर्षाने पहिल्यांदा. कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात. मी कोणाच्या श्रद्धेवर बोलणार नाही. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि फिटची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका, एवढं सांगून पुढे जातो. आणि हो, अशा माणसाला विहिरीच्या काठावर, ट्रॅक्टरवर एकटं सोडू नका. दारूबद्दल वेगळं सांगायला नको.

सगळ्यात अवघड गोष्ट अशी की पुष्कळदा त्याला स्वतःला यातलं काहीच पटत नाही. तो खोटं बोलत नसतो. स्वतःकडे पाहण्याची जी जागा मेंदूत आहे तिलाच इजा झालेली असते. तो म्हणतो मी बरा आहे, गाडीची चावी द्या. वाद घालून ही गोष्ट जिंकता येत नाही. चावी लपवावी लागते, हे एका वकिलाने जाहीर व्यासपीठावरून सांगितलं म्हणून नोंदवून घ्या.

आता कायद्याचं मोजमाप. शेतकरी अपघात योजनेत, जिला आपण गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ओळखतो, मृत्यूला दोन लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. हिशेब अवयवांत आहे. हातपाय शाबूत असून ज्याला पेरणीचा क्रम लावता येत नाही, तो या तक्त्यात कुठे बसवायचा? दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. हिमोफिलिया आहे, पार्किन्सन आहे, अॅसिड हल्ला आहे, आणि असायलाच हवेत. अपघाताने मेंदूला झालेली इजा स्वतःच्या नावाने त्यात नाही. चालण्याचं बिघडलं तर एका रकान्यातून, बोलण्याचं बिघडलं तर दुसऱ्या, वागण्याचं बिघडलं तर मानसिक आजाराच्या रकान्यातून प्रमाणपत्र काढायचं. सिव्हिलच्या बोर्डापुढे घरचे चुकीच्या रांगेत उभे राहतात ते अडाणी म्हणून नाही, योग्य रांगच नाही म्हणून.

न्यायालयांनी मात्र वाट थोडी रुंद केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात स्पष्ट केलं की अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतलं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ सगळी कमाई गमावतो, तसाच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणजे प्रश्न ‘किती टक्के?’ हा नाही, ‘हा माणूस काय काम करत होता आणि आता त्यातलं काय करू शकतो?’ हा आहे. मेंदूच्या केसमध्ये माझा सगळा युक्तिवाद याच प्रश्नावर उभा असतो.

दुसरा निकाल ५ फेब्रुवारी २०२० चा, हरियाणातल्या एका मुलीचा. २००७ मध्ये ती बारा वर्षांची होती, आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जात होती, ट्रकने धडक दिली. मेंदूला कायमची इजा झाली, बुद्धी तान्ह्या मुलासारखी राहिली. न्यायाधिकरणाने दिले सुमारे अकरा लाख, उच्च न्यायालयाने पावणेसव्वीस लाखांच्या आसपास, सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार. या रकमेत काय काय धरलं, ते पाहण्यासारखं आहे. मोठा वाटा सांभाळणाऱ्या माणसाचा. न्यायालयाने धरलं की या मुलीला दोन मदतनीस लागतील, बारा बारा तासांचे, महिना पाच पाच हजार. वर्षाचे एक लाख वीस हजार, गुणिले अठरा, झाले २१ लाख ६० हजार. आकडा आजच्या मानाने कमीच आहे. पण आई फुकट करते म्हणून त्या कामाची किंमत शून्य, हा हिशेब तिथे मोडला. आपल्याकडचे दावे पाहा. नवऱ्याचा बुडालेला पगार मांडलेला असतो, दवाखान्याची बिलं जोडलेली असतात. त्याच्यामागे कापूस वेचायला जाणं बंद झालेली बायको आणि दहावीनंतर घरी बसवलेली मुलगी अर्जात कुठेच नसतात. कारण विचारलं तर बायको म्हणते, ते कसं लिहायचं, ते तर घरचंच आहे. लिहायचं. मजुरीचा दर लावून लिहायचं.

आता सुधारणेबद्दल, कारण सगळं ऐकून कोणी हात टेकू नयेत. मेंदूत शिकण्याच्या वाटा एकाहून जास्त आहेत. काल काय जेवलो हे आठवणारी वाट बंद पडली तरी हाताच्या सवयीची वाट पुष्कळदा शिल्लक असते. रशियन डॉक्टर लुरिया यांच्याकडे १९४३ मध्ये स्मोलेन्स्कच्या लढाईत डोक्यात गोळी लागलेला एक सैनिक आला. त्याला एकेक अक्षर आठवून लिहिता येत नव्हतं. पण पेन्सिल न उचलता सलग लिही म्हटल्यावर हात आपोआप चालू लागला, आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षं तो रोज थोडं थोडं स्वतःबद्दल लिहीत राहिला.

आपल्या केळीच्या बागेत हे लावून पाहू. झाडाच्या बुडाशी येणारी पिलं कापणं हे हाताचं काम. पंधरा वर्षं केलेल्या माणसाचा विळा सुट्टी झाल्यावर काही महिन्यांत पुन्हा चालू लागू शकतो, सोबत कोणी असेल तर. ठिबकचे व्हॉल्व फिरवणं हलकं काम दिसतं, पण त्यात लाइट कधी येणार, कोणती ओळ झाली, कोणती राहिली, खत कधी सोडायचं, हे सगळं डोक्यात धरावं लागतं. घरचे नेमकं उलटं करतात. दया येऊन जड काम काढून घेतात आणि ‘बसल्या बसल्या व्हॉल्व बघ’ म्हणतात. चुका होतात, पाणी वाहून जातं, शिव्या बसतात, तो चिडतो, आणि सगळे म्हणतात याच्याने आता काही होणार नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट काम असं सोडवून पाहतो. ही विद्या मुंबईला हाजी अलीच्या संस्थेत १९५५ पासून आहे, बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आहे. धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या मेडिकलमध्ये आठवड्यातला एक दिवस डोक्याला मार लागून घरी गेलेल्यांसाठी राखून ठेवला, न्यूरोसर्जन, मानसोपचारतज्ज्ञ आणि थेरपिस्ट एका खोलीत बसले, तर रावेर, साक्री, शिंदखेड्याच्या माणसाला बेंगळुरूचं तिकीट काढावं लागणार नाही. नवी इमारत लागत नाही त्याला.

तोवर घरी काय करायचं तर एक वही करा. दिवसाच्या कामांचा क्रम मोठ्या अक्षरात भिंतीवर, आणि वहीत रोज चार ओळी: आज स्वतःहून काय केलं, कशाची आठवण करून द्यावी लागली, राग कशावर आला, झोप किती झाली. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्या. ही वही डॉक्टरांना उपयोगी, त्यापेक्षा मला जास्त. रोजच्या रोज, वेगवेगळ्या शाईत, मध्येच पोराच्या गृहपाठाची बेरीज असलेली वही निशाणी क्रमांक टाकून दाखल झाली की उलटतपासणी दहा मिनिटांत संपत नाही.

शेवटचा मुद्दा लोकअदालतीचा, कारण इथून उठल्यावर तुमच्यापैकी कोणीतरी मला कोपऱ्यात गाठून तोच विचारणार आहे. विमा कंपनी तडजोडीची रक्कम सांगते, कर्ज डोक्यावर असतं, घरचे हो म्हणतात. तडजोड वाईट नव्हे. पण लोकअदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, १९८७ च्या कायद्याने त्यावर अपील नाही. दुखणं कुठे थांबतंय हे कळण्याआधी सही केली आणि वर्षाने फिट सुरू झाली, तर त्या औषधांचे पैसे मागायला जागा उरत नाही. म्हणून दावा मुदतीत दाखल करा, निकालाची मात्र घाई करू नका. मधल्या काळात न्यूरोसायकॉलॉजीची तपासणी करून घ्या. नाशिकला, मुंबईला, जिथे होईल तिथे. जखमीला स्वतःचं हित कळत नसेल तर दावा वादमित्रामार्फत चालवा आणि रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश मागा, कारण अशा माणसाची सही घ्यायला पाहुणे फार लांबून येतात. वकिलाची फी परवडत नसेल तर स्त्रियांना, दिव्यांगांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न न पाहता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय धुळ्यातही आहे, जळगावातही आहे, दोन्हीकडे कोर्टाच्या आवारात. अर्ज साध्या कागदावर चालतो.